साडेआठशे रुपयांत काय उजेड पडला?

नववीच्या वर्गासाठी महाद्वार रोडवरच्या एका दुकानातून ‘घरीच बनवा एलईडीचा प्रकाशपदार्थ’ असं किट आणलं. आत सायट्रिक ॲसिड, युरियाची पुडी, बीकर आणि जांभळी टॉर्च. गॉगल नाही.

दोन्ही पावडरी पाण्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या. पत्रकात दोन मिनिटं लिहिलीत, आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या ओव्हनला पाच लागली. शेवटी सगळं फसफसून उतू गेलं आणि अमोनियाचा असा भपकारा सुटला की शेजारच्या वर्गातल्या बाई पदर नाकाला लावून आल्या. खिडक्या उघडून करा. त्या ओव्हनमध्ये परत जेवण गरम करू नका, हेही पत्रकात नाही.

बीकरच्या तळाशी काळपट राळ उरली. पाण्यात विरघळवली तर कोऱ्या चहासारखा रंग. टॉर्च मारली, ढिम्म. “बाई, फसलं की ओ!” मग त्यातला एक थेंब ग्लासभर पाण्यात टाकला आणि हिरवा उजेड फुटला! दाट पाणी आपलाच प्रकाश गिळतं. टॉर्चचा जांभळा रंग आड येतो, म्हणून डोळ्यांपुढे पिवळा जिलेटिन कागद धरला.

हे कार्बन डॉट्स, म्हणजे कार्बनचे काही नॅनोमीटरचे, डोळ्यांना न दिसणारे कण. बाजारातल्या पांढऱ्या एलईडी बल्बात निळ्या चिपवर सेरियम हा धातू घातलेली पिवळी भुकटी असते; किटमधला पदार्थ तिच्याच जागी लावायचा. नेहमीच्या पद्धतीनं ती करायला भट्टी १५०० अंशांच्या आसपास न्यावी लागते. आमचे हे शिरोलीच्या फौंड्रीत आहेत. म्हणाले, “आमचं बीड, म्हणजे ओतीव लोखंडसुद्धा याच्याहून कमी अंशांवर ओततात.”

२०१२ मध्ये आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांना गुळातही असे कण सापडले होते. कोल्हापुरात हे सांगितल्यावर पोरं गप्प बसतील होय? जेवणाच्या डब्यातला गुळाचा खडा विरघळवून सगळी अंधारात डोळे ताणून बसली. मला किंचित निळसर वाटलं, पोरांना लखलखीत.

किटच्या खोक्यावरचं ‘वाळवून पावडर एलईडीवर लावा’ मात्र थाप आहे. वाळले की कण एकमेकांना चिकटतात आणि उजेड जवळपास विझतो. आम्ही ते पातळ पाणी कपड्यांच्या खळीत कालवून काचपट्टीवर पसरलं. ते वाळूनही चमकलं. पण त्या उजेडात वाचायला बसाल तर डोळे शिणतील.

पाचपैकी साडेतीन. एक गुण त्या पावडरीच्या थापेचा कापला, अर्धा गॉगलचा. दुकानात विचारलं तर गॉगल वेगळा, १२० रुपये.