ब्रिटिश घोडेशर्यतींचे आकडे: कुणाचे घ्यायचे?

लीड्सला एमए करणाऱ्या माझ्या भाचीने प्रबंधासाठी ब्रिटनमधल्या घोडेशर्यती हा विषय घेतलाय. परवा तिचा फोन आला. "मामा, एका ठिकाणी लिहिलंय की शर्यतींवर लागणारा पैसा घटतोय, दुसऱ्या ठिकाणी म्हणतात की सट्ट्यातून शर्यतींना मिळणारा पैसा वाढतोय. कुणाचं धरू?" दोन्ही आकडे बरोबर होते. मोजणारे वेगळे होते आणि ते मोजत होते तेही वेगळं होतं. तिच्यासारखं कुणी या कामाला बसणार असेल, तर त्याच्यासाठी हे लिहितोय.

मोजणारे तिघे. गॅम्बलिंग कमिशन हे 2005 च्या जुगार कायद्याने आलेलं, बुकींना परवाने देणारं सरकारी नियामक. लेव्ही बोर्डही सरकारीच, पण 1961 च्या कायद्यातलं. बुकींकडून वसुली करून तो पैसा शर्यतींकडे वळवणं हे त्याचं काम. तिसरी ब्रिटिश हॉर्सरेसिंग अथॉरिटी, म्हणजे बीएचए. हिला पुष्कळ लोक सरकारी खातं समजतात आणि तिथेच फसतात. 1750 च्या सुमारास सुरू झालेल्या जॉकी क्लबकडे जे नियमनाचे अधिकार होते, ते फिरत फिरत 2007 मध्ये हिच्याकडे आले. ही शर्यतीच्या धंद्याने स्वतःसाठी उभी केलेली संस्था आहे.

आता भाचीचं कोडं. समजा, गिऱ्हाइकांनी एका शर्यतीवर 100 पौंड लावले आणि बुकीने जिंकणाऱ्यांना 90 परत दिले. उलाढाल 100, बुकीचा ढोबळ नफा 10. लेव्ही बोर्ड या नफ्याच्या 10 टक्के घेतं, म्हणजे 1 पौंड (वर्षाला पहिल्या 5 लाख पौंडांच्या नफ्यावर माफी असते). पुढच्या शर्यतीवर 80 च लागले, पण फेव्हरिट घोडे हरले आणि बुकीने 65 च वाटले, तर नफा 15 आणि लेव्ही दीड पौंड. उलाढाल खाली आणि लेव्ही वर! 2017 मध्ये परदेशात बसून ब्रिटिश गिऱ्हाइकांचे पैसे घेणारे बुकीही या वसुलीत आले. 2023-24 मध्ये त्यानंतरची, तोवरची सगळ्यात जास्त लेव्ही जमा झाली, 10 कोटी पौंडांच्या वर, आणि त्याच वर्षी दर शर्यतीमागची उलाढाल उतरलेली होती. आपल्याकडे महालक्ष्मीच्या रेसवर जीएसटी लावलेल्या पूर्ण रकमेवर बसतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही नफ्यावरची पद्धत पटकन लक्षात येत नाही.

म्हणून शर्यतींच्या पैशाबद्दल लिहायचं असेल तर मी लेव्ही बोर्डाचा वार्षिक अहवाल आधी हातात घेईन. त्यात फक्त ब्रिटिश शर्यती असतात, भेसळ नाही. कमिशनचे आकडे पसरट आहेत. त्यात फुटबॉल, कॅसिनो, बिंगो सगळं येतं, म्हणून घोड्यांची ओळ शोधून काढावी लागते. मात्र घोड्यांची जुगारातल्या इतर प्रकारांशी तुलना करायची तर कमिशनला पर्याय नाही. लोकांच्या व्यसनावर लिहायचं तर त्यांचं ग्रेट ब्रिटन सर्वेक्षण आहे. 2024 मध्ये त्यात प्रौढांपैकी 2.5 टक्के जुगाराच्या गंभीर विळख्यात असल्याचं आलं. आधीच्या फोनवरच्या पाहणीपेक्षा हा आकडा कितीतरी मोठा आहे. पद्धत बदललेली असल्यामुळे जुन्या-नव्या आकड्यांची एकच रेघ ओढू नका.

घोड्यांबद्दल मात्र दोन्ही सरकारी संस्थांकडे फारसं काही नाही. 59 रेसकोर्स, ट्रेनिंगमधले घोडे, प्रत्येक शर्यतीत किती धावले, हे सगळं बीएचएकडेच मिळतं. मृत्यूंचा आकडाही तिथलाच, आणि माझा जीव अडकतो तो या आकड्यात. सुमारे 0.2 टक्के, असं सांगितलं जातं. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण हे प्रमाण घोड्यांमागे काढलेलं नाही, धावांमागे काढलेलं आहे. वर्षात सहा वेळा धावलेला एकच घोडा भागाकारात सहा वेळा येतो. शिवाय अडथळ्यांच्या शर्यतींतलं प्रमाण सपाट शर्यतींच्या कितीतरी पट आहे आणि सरासरीत ते दिसेनासं होतं. हजार धावांमागे दोन घोडे घरी परतत नाहीत, असं लिहिलं की तोच आकडा वेगळा वाचला जातो.

अ‍ॅनिमल एड ही संघटना 2007 पासून मेलेल्या घोड्यांची स्वतंत्र यादी ठेवते, नावानिशी. तीही चळवळीतली बाजू आहे, पण बीएचएची टक्केवारी या यादीशेजारी ठेवल्याशिवाय वापरू नये, असं माझं ठाम मत आहे. ज्याचा धंदा त्यानेच मोजायचं, हे मला पटत नाही. 2018 मध्ये घोड्यांच्या हितासाठी स्वतंत्र संस्था हवी म्हणून एक लाखावर सह्यांची याचिका ब्रिटिश संसदेत चर्चेला आली होती. सरकारने ती मागणी मानली नाही, काम बीएचएकडेच राहिलं. बीएचए काहीच करत नाही असंही नाही. 2024 पासून ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या प्रसिद्ध शर्यतीत 40 ऐवजी 34 घोडे सोडतात.

एक बारीक गोष्ट राहिली. कमिशन आणि लेव्ही बोर्डाचं वर्ष एप्रिल ते मार्च, बीएचएचे बरेचसे आकडे जानेवारी ते डिसेंबर. भाचीने दोन्ही एकाच आलेखात घातले होते. आता ती तिमाही आकडे घेऊन आलेख पुन्हा काढतेय, आणि घोड्यांसाठी वेगळं प्रकरण ठेवतेय.