फ्लामेंको आणि टँगो पहिल्यांदा ऐकणार असाल तर ह्या रेकॉर्ड लावा

आधी एक, स्वस्तातल्या 'बेस्ट ऑफ स्पॅनिश गिटार' टाइप सीडी घेऊ नका. मी मडगावला एका दुकानातून आणलेली, घरी लावली तर अर्धी गाणी कीबोर्डवर आणि वाजवतंय कोण ते कव्हरवर कुठेच नाही. वर्षभर मला वाटत होतं की हे संगीत असंच गुळगुळीत असतं!

आधी फ्लामेंको, म्हणजे दक्षिण स्पेनचं गाणं, गिटार आणि नाच. सुरुवात गिटारवाल्या पाको दे लुसियाच्या 'फुएन्ते ई काउदाल'ने करा, 1973 ची. पहिलाच ट्रॅक 'एन्त्रे दोस आग्वास', रुंबा हा फ्लामेंकोतला प्रकार आहे, चाराचा ठेका, कान लगेच रमतो. पण तिथेच थांबू नका, त्याच रेकॉर्डवरची 'सेपा आंदालुसा' ऐका, ती बुलेरिया, फ्लामेंकोतलाच दुसरा प्रकार. बारा मात्रा. मी फोंड्याला भजनात तबल्यावर बसतो त्यामुळे म्हटलं एकतालच तर आहे, धरू की, आणि चार दिवस हात चुकत राहिला. कारण वजन पडतं 12, 3, 6, 8 आणि 10 वर, म्हणजे दोन तुकडे तीन-तीनाचे आणि मग तीन दोन-दोनाचे, आणि आपण समेची वाट बघत बसतो तोवर त्यांचा तुकडा बहुतेक वेळा दहावरच संपलेला असतो. बारापासून मोजायला लागा, मांडीवर हात मारत. मला ज्या रात्री ते दहा सापडलं त्या रात्री तोच ट्रॅक सहा-सात वेळा लावला, झोप नाही.

मग त्याचीच 1987 ची 'सिरोको'. माझ्या मते एकच घ्यायची तर हीच. त्यातली 'ग्लोरिया अल निन्यो रिकार्दो' ही सोलेआ, म्हणजे आणखी एक प्रकार, मोजणी तीच बाराची पण संथ, प्रत्येक सूर नीट ऐकू येतो. 'फ्रायडे नाइट इन सान फ्रान्सिस्को' ही तीन गिटारवाल्यांची रेकॉर्ड सगळे आधी सुचवतात, तयारी जबरदस्तच आहे, पण त्यात तिघांतला फ्लामेंकोवाला एकटा पाको, बाकी दोघे जॅझ-फ्यूजनचे. ती नंतर ऐका. आणि गाणं ऐकल्याशिवाय गिटार कळत नाही, म्हणून फ्लामेंको गायक कामारोनही ऐकाच.

फ्लामेंकोत 'तांगोस' नावाचा प्रकार आहे तो वेगळा, अर्जेंटिनाचा टँगो वेगळा, गल्लत नको.

टँगोसाठी लोक थेट पियाझोला सांगतात, ज्याने टँगो नव्याने घडवला. मी म्हणेन आधी जुन्या टँगो ऑर्केस्ट्रावाल्या पुग्लिएसेचं 'ला युम्बा' ऐका, 1946 चं, अख्खा ऑर्केस्ट्रा मिळून युम्-बा, युम्-बा असा दाब देतो ना, तो अंगात भिनला की मग पियाझोलाने काय मोडलं आणि काय ठेवलं ते कळतं. त्यानंतर पियाझोलाची 1986 ची 'टँगो: झीरो अवर'. पाच जण फक्त, आणि मध्ये बँडोनियन, म्हणजे हातात धरून वाजवायची भात्याची पेटी. आमच्या बाबांनी आयुष्यभर देवळात पेटी वाजवली, त्यांना त्यातलं 'मिलोंगा देल आंखेल' ऐकवलं तर डोळे मिटून म्हणाले, "पेटीच ही, पण भाता दोन्हीकडून बोलतो रे." बरोबर ओळखलं त्यांनी, आत आपल्या पेटीसारख्याच पत्त्या असतात, पण तेच बटण भाता उघडताना एक सूर देतं आणि मिटताना दुसरा.

ऐकताना हेडफोन मात्र लावा, फोनच्या स्पीकरवर डबल बास गायबच होतो आणि आता पावसात कौलांचा आवाज असताना तर काहीच उरत नाही.