महामंडळाची शीर्षक नोंदणी: उपयोगी, पण मर्यादा ओळखून करा

मराठी सिनेमावाल्यांची संघटना असलेल्या अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्यालय कोल्हापुरात का, असं नवे निर्माते विचारतात. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथलीच. १९२९ साली 'प्रभात' फिल्म कंपनी इथेच सुरू झाली. १९३३ साली ती पुण्याला गेली, पण भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथेच राहिला. पुढे धंदा मुंबईकडे सरकला, तरी मुळं कोल्हापूरचीच. आज निर्मात्यांबरोबर कलावंत आणि तंत्रज्ञही सभासद आहेत, आणि एवढं सगळं एका छत्राखाली असणं ही या संस्थेची खरी कमाई आहे.

निर्मात्याला तिचा रोजचा उपयोग मात्र शीर्षक नोंदणीचा, म्हणजे सिनेमाचं नाव आपल्या नावावर नोंदवून ठेवण्याचा. आधी बॅनर, म्हणजे निर्मिती संस्थेचं नाव, पक्कं करा, मग शीर्षकाकडे वळा. अर्जावरचं बॅनरचं नाव बँक खातं, करारपत्रं आणि सेन्सॉरचा अर्ज यांच्याशी अक्षरशः जुळलं पाहिजे. 'फिल्म्स' आणि 'फिल्म' एवढ्या फरकानेही पुढे खुलाशांची पत्रं लिहीत बसावं लागतं. पसंतीच्या क्रमाने तीन-चार नावं तयार ठेवा, कारण पहिलं नाव किंवा त्याच्याशी मिळतंजुळतं काही आधीच कुणी घेतलेलं असू शकतं. ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच द्या. पोस्टरवर वेगळं आणि नोंदणीपत्रावर वेगळं नको.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिग्दर्शकाने हौसेने स्वतःच्या नावावर शीर्षक घेतलं आणि निर्माता नंतर आला, की. संबंध बिघडले तर सिनेमा तयार आणि नाव दुसऱ्याकडे! म्हणून करार करतानाच शीर्षक हस्तांतराचं पत्र सहीनिशी घ्या. नोंदणीची मुदत नोंदणीपत्रावर पाहून नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवा.

आता मर्यादा. ही नोंद म्हणजे कॉपीराइट नव्हे. नुसत्या शीर्षकाला कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'देसी बॉइज'च्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. शिवाय मुंबईतल्या इम्पासारख्या (इंडियन मोशन पिक्चर प्रोड्युसर्स असोसिएशन) निर्मात्यांच्या संस्थांकडेही शीर्षकं नोंदली जातात, तेव्हा तिथेही चौकशी करा. कथा-पटकथेची नोंद वेगळी, ती स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे.

सिनेमाचं नाव जाहीर करण्याआधी, मुहूर्ताच्या निमंत्रणपत्रिका छापण्याआधी हे काम उरकलेलं असावं. नाव बदललं तर छपाई वाया जातेच, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव परत मिळत नाही.