अ‍ॅस्टरिस्कवर मराठी प्रॉम्प्ट: आठ महिने वापरल्यावर

अ‍ॅस्टरिस्क म्हणजे आमच्या ऑफिसची फोन सिस्टम चालवणारं सॉफ्टवेअर, आणि प्रॉम्प्ट म्हणजे फोन करणाऱ्याला ते ऐकवतं ते रेकॉर्ड केलेलं वाक्य. ऑफिसची वेळ बदलली म्हणून नवीन वेळ सांगणारा प्रॉम्प्ट रेकॉर्ड केला, फाइल जागेवर टाकली, माझ्या टेबलावरच्या फोनवरून ऐकली, एकदम मस्त. आणि तरी तीन दिवस बाहेरून फोन करणारी माणसं सांगत होती की तुमचं मशीन अजून जुनीच वेळ सांगतंय. मी प्रत्येकाला सांगतोय की अहो नाही, बदललीये, मी स्वतः ऐकलीये. खरं तर दोघंही बरोबर होतो.

झालं असं होतं की त्या एका नावाच्या दोन फाइली होत्या, एक वेव्ह आणि एक ए-लॉ, म्हणजे एकच प्रॉम्प्ट आवाजाच्या दोन फॉरमॅटमध्ये. अ‍ॅस्टरिस्कला प्रॉम्प्टचं नाव एक्स्टेन्शनशिवाय द्यायचं असतं, मग समोरच्या कॉलचा कोडेक (आवाज कुठल्या पद्धतीने पाठवला जातोय ते) बघून ज्या फाइलला कमीत कमी रूपांतर लागेल ती तो स्वतः उचलतो. माझा डेस्क फोन जी-७२२ नावाच्या कोडेकवर बोलतो म्हणून त्याला वेव्ह मिळाली, जी मी बदलली होती. बाहेरचे कॉल ए-लॉवर येतात, त्यांना शेजारी पडलेली जुनी ए-लॉ फाइल मिळत राहिली. लॉगमध्ये एक अक्षर नाही, कारण त्याच्या दृष्टीने काही चुकलंच नव्हतं. ही सोय आहे, चांगली सोय आहे, पण माहीत नसेल तर माणूस वेडा होतो.

तर हा आठ महिन्यांचा अनुभव. सिस्टम बसवायला एक वीकेंड गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. आवाज नीट लावण्यात बाकीचे सगळे महिने गेले. सध्या आमचे स्वतःचे साधारण १८० प्रॉम्प्ट आहेत आणि आकड्यांच्या फाइली वेगळ्या.

सुरुवातीला मी सगळ्यांसारखंच केलं. मेनू१, मेनू२, मेनू२-नवीन, मेनू२-नवीन-फायनल. दोन महिन्यांनी डायलप्लॅन (कॉल आल्यावर काय काय करायचं त्याची यादी) उघडला तर कुठली फाइल काय बोलते हे कळायला एकेक वाजवून ऐकावी लागत होती, आणि वाजवून ऐकणं म्हणजे १८० वेळा "नमस्कार" ऐकणं. मग अ‍ॅस्टरिस्कबरोबर येणारं इंग्रजी पॅकेज नीट बघितलं. त्यात एक साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक ओळीत फाइलचं नाव आणि पुढे त्यात बोललेलं वाक्य, बस. नावांनाही शिस्त आहे, व्हॉइसमेलचं सगळं व्हीएमने सुरू होतं, कॉन्फरन्सचं कॉन्फने, आकडे डिजिट्स नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये. (त्यातच एक प्रॉम्प्ट आहे, "मुंगसासारख्या प्राण्यांनी आमची फोन सिस्टम खाल्ली" अशा अर्थाचा, आणि एक नुसता माकडांच्या किंचाळण्याचा. टेस्टिंगला मी अजून माकडंच वापरतो, कॉल लागला हे खोलीतल्या सगळ्यांना कळतं.)

तीच पद्धत मी उचलली. एक शीट, त्यात फाइलचं नाव, शब्दन् शब्द मजकूर, कोणाचा आवाज, कधी रेकॉर्ड केलं, कुठे वापरलंय. नियम एकच, आधी शीटमध्ये ओळ मग रेकॉर्डिंग. नाव कामावरून द्यायचं, मजकुरावरून नाही. "दहा-ते-सहा" असं नाव दिलं की वेळ बदलल्यावर नावच खोटं बोलायला लागतं, "कार्यालय-वेळ" दिलं की आतलं काहीही बदला. आणि लहान-मोठी अक्षरं सांभाळा, लिनक्सला फरक कळतो. व्हॉइसमेलची इनबॉक्सवाली फाइल मूळ पॅकेजमध्ये कॅपिटल अक्षरांत आहे, मी ती स्मॉलमध्ये ठेवली, तर मराठी वाक्याच्या मधोमध एक शब्द इंग्रजी बाईच्या आवाजात. मराठीच्या फोल्डरमध्ये फाइल सापडली नाही की तो गुपचूप इंग्रजीतली वाजवतो, ओरडत नाही.

आता आकडे. हा भाग मी सगळ्यात हलक्यात घेतला होता आणि यानेच सगळ्यात जास्त दमवलं. इंग्रजीत वीसपर्यंतचे आकडे आणि मग तीस, चाळीस असे दशक रेकॉर्ड केले की काम झालं, पंचवीस म्हणजे वीस आणि पाच जोडायचे. चॅनलची, म्हणजे चालू कॉलची, भाषा मराठी लावली, फाइली ठेवल्या, तर रांगेत थांबलेल्या माणसाला मशीन म्हणतंय, "तुमचा नंबर वीस पाच आहे". मराठीत शून्य ते नव्याण्णव प्रत्येक आकडा स्वतंत्र शब्द, म्हणजे सरळ १०० फाइली. त्यात शंभर वेगळा, कारण १०० ला शंभर पण १०१ ला एकशे एक. "दोन" आणि "शे" जोडून बघितलं, पत्ते पिसल्यासारखं ऐकू येतं, म्हणून एकशे ते नऊशे अशा नऊ फाइली अख्ख्या घेतल्या. वर हजार, लाख, कोटी. एकूण ११३.

मग हे कसं जोडायचं ते से डॉट कॉन्फ नावाच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. तिथे मोड ओल्डचा न्यू करायचा आणि भाषेचे नियम पॅटर्नने द्यायचे, दोन आकडी असेल तर त्याच नावाची फाइल वाजव, तीन आकडी असेल तर पहिल्या आकड्याची "शे" वाली वाजव आणि उरलेलं परत याच नियमातून फिरव. नमुना फाइलमध्ये इंग्रजीचे नियम आहेतच, ते बघून जमतं. माझी चूक, २०० साठी वेगळी ओळ लिहायची राहिली, तर मशीन ठासून सांगायचं "दोनशे शून्य". हे महिनाभर कोणाच्या लक्षात आलं नाही, आमची रांग काही दोनशेची नसते ना, एका रकमेच्या वेळी सापडलं.

व्हॉइसमेलची वाक्यं तुकड्यांतून बनतात, त्यांचा क्रम मराठीला बऱ्यापैकी जमतो. "तुमच्याकडे", "तीन", "नवीन", "मेसेज आहेत". एकासाठी वेगळी फाइल असते त्यामुळे "मेसेज आहे" पण बरोबर येतं. अडलं ते "जुना" वर. नवीन हा शब्द बदलत नाही पण एक जुना आणि दोन जुने, आणि फाइल एकच! बरेच दिवस "एक जुने मेसेज आहे" असं चाललं. शेवटी तिथे "सेव्ह" असं बोलून टाकलं, एक सेव्ह मेसेज, दोन सेव्ह मेसेज. शुद्ध मराठीवाल्यांनी माफ करावं, जुगाड आहे पण चुकत तरी नाही.

रेकॉर्डिंगबद्दल थोडक्यात. पहिले प्रॉम्प्ट मी फोनवरूनच रेकॉर्ड अ‍ॅप्लिकेशन वापरून केले, चालतं, तात्पुरत्या सुट्टीच्या मेसेजला अजून तेच करतो. पण कायमचे प्रॉम्प्ट चांगल्या माइकवर ४८ किलोहर्ट्झला घ्या आणि ती मूळ फाइल जपून ठेवा. थेट ती स्टिरिओ फाइल वेव्ह म्हणून टाकली तर अ‍ॅस्टरिस्क मोनो नाही म्हणून तक्रार करतो आणि वाजवत नाही, त्याला साध्या वेव्हमध्ये ८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो लागतं. सॉक्स नावाच्या आवाज रूपांतराच्या प्रोग्रामने ते एका ओळीत होतं. एकाच बैठकीत, एकाच आवाजात सगळं उरकलं तर उत्तम. आमची पहिली आवाजवाली सहकारी नोकरी सोडून गेली आणि नंतरचे बारा प्रॉम्प्ट दुसऱ्याच्या आवाजात आहेत, मेनू ऐकताना मधेच कोणीतरी खोलीत आल्यासारखं वाटतं.

एक छोटी गोष्ट, महिनाभर लोकांना आमचं मशीन "मस्कार" म्हणायचं. फाइल बरोबर होती. कॉल उचलल्यावर आवाजाचा रस्ता सुरू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात "न" जायचा. डायलप्लॅनमध्ये कॉल उचलणाऱ्या आन्सरनंतर एक सेकंदाचा वेट टाकला, नमस्कार परत आला.

वरच्या ए-लॉच्या भानगडीनंतर सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये मी हाताने काहीच टाकत नाही. मूळ फाइली आणि शीट गिटमध्ये (फाइलींच्या जुन्या आवृत्त्या जपणारा प्रोग्राम), एक छोटी स्क्रिप्ट सगळ्या फॉरमॅटच्या फाइली एकदम बनवते आणि फोल्डर पूर्ण नव्याने भरते, म्हणजे मागे शिळं काही राहतच नाही. शीटमध्ये नाव आहे पण फाइल नाही, किंवा उलटं, तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ही स्क्रिप्ट पहिल्या आठवड्यात लिहायला हवी होती. जागेचा विचार करून जीएसएम (जास्त दाबलेला फॉरमॅट) ठेवू नका, दहा सेकंदांचा प्रॉम्प्ट ए-लॉमध्ये ८० केबी, जीएसएममध्ये साडेसोळा, एवढ्यासाठी डब्यातून बोलल्यासारखा आवाज कशाला.

परत बसवायचं झालं तरी हेच बसवेन. भाषेप्रमाणे फोल्डर, स्वतःचे प्रॉम्प्ट कस्टम फोल्डरमध्ये वेगळे, आकड्यांचं व्याकरण स्वतः लिहायची मुभा, एवढं मोकळं रान मिळतं. फक्त कुठली फाइल नाही, कुठली जुनी आहे, हे तो तुम्हाला सांगणार नाही.

राहिलंय एकच, साठ आणि आठ. साध्या फोन लाइनवर ३४०० हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही जात नाही आणि "स" ची सगळी सळसळ तिथेच असते, त्यामुळे घाईत बोललेला साठ लोकांना आठ ऐकू येतो. मूळ रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं तर काचेसारखं स्वच्छ. पुढच्या आठवड्यात तो परत रेकॉर्ड करतोय, "सा" जरा ओढून, आणि यावेळी हेडफोनवर नाही, बाहेरून फोन लावून ऐकणार.