डायल डिकीतच राहिला आणि माझे १,९५,५०० रुपये गेले

हिंगणा एमआयडीसीत ३१ वर्षं काढली. अर्धी लेथवर, म्हणजे धातू फिरवत कापायच्या मशीनवर, अर्धी टूलरूममध्ये, जिथं साचे आणि हत्यारं बनतात. हे आधीच सांगून टाकतो, कारण ऐकणारा प्रत्येक जण पहिलं हेच विचारतो की काका, तुम्ही तर या लाईनीतलेच, मग फसले कसे? बायकोनं विचारलं, मुलानं विचारलं, जुन्या कंपनीतल्या पोरांनी विचारलं. आता लिहूनच टाकतो, म्हणजे पुन्हा पुन्हा तोंडानं सांगावं लागणार नाही, आणि घरी छोटं वर्कशॉप टाकायच्या विचारात असलेला एखादा तरी वाचेल.

निवृत्तीनंतर मानेवाड्याच्या घरामागे १२ बाय १८ चा शेड बांधला. पंपाचे शाफ्ट, बुश अशी किरकोळ कामं स्वतःच्या हातानं करायची होती. आणि मनात एक जुनी इच्छा होती. मोतीबागेच्या नॅरोगेज संग्रहालयातली इंजिनं नातवाला दाखवली तेव्हापासून तसं एक लहान, चालणारं इंजिन करायचं ठरवलं होतं. त्यासाठी लेथ हवा. नवा चांगला लेथ ग्रॅच्युइटीच्या पैशात परवडत नाही, म्हणून जुना शोधत होतो. यात मी काही गैर केलं असं मला अजूनही वाटत नाही. जुन्या, जड बीडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नीट राखलेला लेथ नव्या हलक्या मशीनपेक्षा कितीतरी चांगला असतो.

मे २०२५ मध्ये मोबाईलवर जाहिरात दिसली. साडेचार फुटी लेथ, कंपनी बंद झाली, मालक बाहेरगावी चालला, अर्जंट विक्री. ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी वेगवेगळ्या रूपात ऐकलेली आहे. मीही ऐकलेली होती. तरी गेलो.

अमरावती रोडला लागून असलेल्या गोडाऊनांच्या पट्ट्यात विकणाऱ्याची जागा. दुपारी दीडची वेळ, वरून टिनाचं छत, आत भट्टी पेटल्यासारखं. मशीन हिरव्या रंगात चकाचक. चालू करून दाखवलं. आवाज इतका मऊ की मीच चकित झालो. चकमध्ये, म्हणजे काम पकडून फिरवणाऱ्या जबड्यात, आधीच एक तुकडा लावलेला, चकबाहेर ४० मिमी असेल. त्यावर कट मारला, जाडी बारीक मोजणारा मायक्रोमीटर लावला, इकडे तिकडे सारखंच माप. मग त्यानं मशीन बंद केलं आणि म्हणाला, "काका, आप तो उस्ताद हो, आपको क्या समझाऊं."

आता जे सांगतो त्याच्यावर माझी गेल्या कित्येक रात्रींची झोप गेली आहे.

कॅरेज, म्हणजे कापायचं हत्यार धरून सरकणारा भाग, चकला अगदी चिकटून उभं होतं. लेथचा बेड, ज्यावर कॅरेज सरकतं, सगळ्यात जास्त झिजतो तो चकजवळ, कारण बहुतेक कामं तिथंच होतात. म्हणजे जे पाहायला मी गेलो होतो, नेमकं तेच कॅरेजखाली झाकलेलं. मी हात घातला. ग्रीस थापलेलं होतं, "गंज लागू नये म्हणून." ग्रीसमधून अंगठ्याचं नख बेडवर फिरवलं आणि कॅरेजच्या कडेला नखाला कंगोरा लागला. लागला. भास नव्हता तो. कॅरेज मागे घे म्हणालो तर म्हणे गिअर अडकला आहे, पोरगा जेवायला गेला, आला की घेतो.

माझा डायल, म्हणजे काट्यानं बारीक फरक दाखवणारं गेज, आणि त्याचा चुंबकानं चिकटणारा मॅग्नेटिक बेस स्कूटरच्या डिकीत होता. घरून मुद्दाम नेलेला. काम पाच मिनिटांचं होतं. बेस कॅरेजवर बसवायचा, डायलचं टोक टेलस्टॉकच्या, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या आधाराच्या, पट्टीला टेकवायचं, कारण ती पट्टी कमी झिजते, आणि कॅरेज एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. काटा सगळं सांगतो. स्कूटर गेटबाहेर, चाळीस पावलांवर. मी गेलो नाही. उन्हाचं कारण मी घरी सांगितलं, पण खरं कारण ते नाही. समोरचा मला उस्ताद म्हणत होता, आणि उस्तादानं नखानं ओळखावं, डायल कशाला, असं मला त्या क्षणी वाटलं. नखानं ओळखलंही होतं. मी नखाचंही ऐकलं नाही.

१,८५,००० सांगितले, १,६२,००० वर सौदा ठरला. ११,००० टोकन यूपीआयनं, ९१,००० एनईएफटीनं, ६०,००० रोख. रोख का दिली? तो म्हणाला पक्कं बिल केलं तर १८ टक्के जीएसटी वरून लागेल, म्हणजे २९,१६० रुपये. मी ते वाचवायला गेलो. लोक म्हणतील लालच. महिन्याला हाती येणारं पेन्शन बघा आणि मग म्हणा. पण कच्च्या चिठ्ठीवर मोठा व्यवहार करू नका, हे मी आता ओरडून सांगतो. आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर कोणाचं नाव येतं ते बघा. माझे ९१,००० दुकानाच्या नावाच्या खात्यात गेलेच नाहीत, कुठल्याशा तिसऱ्याच माणसाच्या बचत खात्यात गेले. त्याच्या कार्डावरचा जीएसटी नंबर मी नंतर पोर्टलवर टाकून पाहिला. लॉगिनही लागत नाही, दोन मिनिटांचं काम. नोंदणी रद्द झालेली.

त्याच दिवशी त्यानं मोजमापाच्या साधनांचा लॉट दाखवला. दोन मायक्रोमीटर, ० ते २५ आणि २५ ते ५०, एक २०० मिमीचा व्हर्निअर, एक भोक मोजायचा बोअर गेज, सगळ्यांवर नामांकित जपानी कंपनीचं नाव, डब्यात कॅलिब्रेशनचं, म्हणजे माप तपासल्याचं, सर्टिफिकेट. २४,५०० मध्ये दिलं. यूपीआय. हायड्रा क्रेन ३,०००, ट्रक ४,२००, हमाल १,८००. एकूण १,९५,५००. आकडा पाठ झाला आहे.

शेडमध्ये उतरवतानाच हायड्राच्या पट्ट्यानं मशीनच्या डाव्या पायाचा रंग उडाला आणि आतून पांढरी लांबी, म्हणजे पुट्टी, दिसली. बीडाला तडा गेलेला, त्यात लांबी भरून वरून हिरवा रंग. हमालांमधला एक म्हातारा वाकून बघत म्हणाला, "काका, हे त् फुटलेलं हाय जी." मी त्यालाच गप्प केलं.

पहिला आठवडा मी मशीनला नाही, स्वतःला दोष देत होतो. २५० मिमी लांबीचा बार लावला तर चकजवळ जाड आणि बाहेर बारीक, फरक ०.११ मिमी. लेव्हल नीट नसेल तर बेडला पीळ बसतो आणि असा टेपर, म्हणजे निमुळतेपणा, येऊ शकतो, म्हणून मशीनच्या पायाखाली पत्र्याचे तुकडे सारत बसलो. विकणाऱ्याला फोन केला तर तोही तेच म्हणाला, काका लेव्हल बघा. मग जुन्या टूलरूममधला मित्र आला. त्यानं चकजवळ कॅरेजची गिब, म्हणजे कॅरेज बेडला धरून ठेवणारी पट्टी, आवळली आणि हँडव्हील फिरवलं. कॅरेज टेलस्टॉककडे अर्ध्यात जाऊन घट्ट अडकलं. झिजलेल्या जागी बसवलेली गिब न झिजलेल्या जागेवर जाईलच कशी? मग डायल लावला. माझाच, डिकीतला. बेड चकजवळ ०.१५ मिमी झिजून खाली बसलेला. मित्र काही बोलला नाही. पाणी प्यायला आणि गेला. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

दहाव्या दिवशी गिअर बॉक्सनं खडखड सुरू केली. तेल काढलं तर तेल नव्हतंच, घट्ट ग्रीस आणि त्यात लाकडाचा भुसा. दातांमधली पोकळी भरून आवाज दाबायची ही जुनी युक्ती जुन्या गाड्या विकणारेही करतात. तेव्हा जुन्या मशीनचा आवाज फार मऊ वाटला तर खूश होऊ नका, झाकण उघडायला लावा. नाही म्हणाला तर उठून या.

मोजमापाच्या साधनांचं तर त्याहून वाईट. २५ ते ५० च्या मायक्रोमीटरसोबत शून्य जुळवायला २५ मिमीचा सेटिंग रॉड येतो. त्या रॉडवर लावला की बरोबर शून्य. मी घरी दहा वेळा लावून पाहिला, दहाही वेळा शून्य, आणि मी निश्चिंत. मित्रानं तो कंपनीच्या स्टँडर्ड रूममध्ये नेऊन स्लिप गेजवर, म्हणजे प्रमाण मापाच्या ठोकळ्यांवर, तपासला. रॉड २४.९६ मिमीचा निघाला. म्हणजे रॉडच आखूड, मायक्रोमीटर त्या आखूड रॉडला जुळवलेला, आणि दोघं एकमेकांची साक्ष देत बसलेले. अशा मायक्रोमीटरवर ३०.०० वाचून शाफ्ट केला तर तो खरा २९.९६ होणार. ६२०६ बेअरिंगचं भोक ३० मिमीचं. ते त्या शाफ्टवर बसणारच नाही, नुसतं फिरत राहील. शेतकऱ्याची मोटर दुरुस्त करून दिली असती तर आठ दिवसांत परत आली असती आणि नाव माझं खराब झालं असतं.

यावर विकणाऱ्याचं उत्तर ऐका. "नागपूरचा उन्हाळा आहे काका, लोखंड फुगतं." मला, जो हेच शिकवत आला त्याला! मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश. नागपूरचे ४५ धरा. पोलाद एका अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन, म्हणजे हजारांश मिमी, वाढतं. २५ मिमीच्या रॉडला २५ अंशांनी फरक पडतो सात हजारांश मिमी, म्हणजे ०.००७. चाळीस मायक्रॉन नाही. आणि उन्हानं रॉड वाढायला हवा, हा तर कमी भरला. शिवाय स्टँडर्ड रूममध्ये एसी होता. सर्टिफिकेटवरचं प्रयोगशाळेचं नाव, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर शोधलं, यादीत नाही. साधन घेताना सर्टिफिकेटचा रंग बघू नका, नाव शोधा. आणि दुसऱ्याच्या रॉडवर शून्य जुळतं का ते बघा.

त्यानंतर त्यानं फोन उचलणं बंद केलं. गोडाऊनला गेलो तर कुलूप. शेजारचा म्हणाला भाड्याची जागा होती, महिन्याची.

आता पोलिसांचं. आमच्या भागातल्या ठाण्यात तीन दिवस गेलो. पहिल्या दिवशी सांगितलं, साहेब बंदोबस्तात आहेत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, गोडाऊन आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा. तिकडे गेलो तर म्हणाले, पैसे तुमच्या घरून गेले ना, मग तिकडेच. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला. तिथं म्हणाले, तुम्ही प्रत्यक्ष जाऊन वस्तू पाहून घेतली, हा सायबर गुन्हा कसा? तिसऱ्या दिवशी पुन्हा ठाण्यात. खुर्चीवरचा माणूस विचारतो, "मशीन चालू होते ना? मग फसवणूक कसली? हा दिवाणी मामला आहे." मी ०.१५ मिमी सांगितलं तर हसला. म्हणे, केसाएवढ्या फरकासाठी आलात? केस साधारण ०.०७ मिमीचा असतो साहेब, हे दोन केस झाले, आणि लेथला दोन केस म्हणजे भंगार! भिंतीचा तडा लपवून कोणी तुम्हाला घर विकलं तर तुम्ही म्हणाल का की छत तर आहे ना? मी हे मोठ्यानं म्हणालो, तर मलाच आवाज खाली करायला सांगितलं. माझ्या वयाच्या माणसाला. बाकावर दीड तास बसवून ठेवलं, पाणी विचारलं नाही, आणि शेवटी अर्ज घेतला तो पोच न देता.

हद्दीचं कारण ऐकून परत येऊ नका. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, नोंदवून घ्यावा लागतो. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. हे मला मुलाच्या वकील मित्रानं सांगितलं, ठाण्यात कोणी सांगितलं नाही. पोच नसेल तर स्पीड पोस्टानं वरिष्ठांना पाठवा. मी पाठवलं. आज चार महिने झाले, एक ओळ उत्तर नाही.

ग्राहक आयोगात जाऊ म्हटलं तर एकानं हेही सांगितलं की मशीन म्हणजे व्यापार, तुम्ही ग्राहकच नाही. हे चूक आहे. स्वतःच्या वापराला किंवा पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला घेतलेली वस्तू असेल तर माणूस ग्राहकच असतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फीसुद्धा नाही. तक्रार राहत्या जिल्ह्यातच करता येते. मी केली आहे. अडचण एकच, बिल नाही. ६०,००० रोख दिल्याचा माझ्याजवळ पुरावा नाही. त्या २९,१६० रुपयांच्या मोहानं मी स्वतःचे हात कापून दिले.

बेड ग्राइंड करायचे आणि सॅडल, म्हणजे कॅरेजचा बेडवर बसणारा भाग, खरवडून सपाट करायचे ५८,००० सांगितले आहेत. ते मी देणार नाही, सध्या तरी. मशीन ताडपत्रीखाली आहे. नातू दर रविवारी विचारतो, आजोबा इंजिन कधी?

परवा रात्री त्याच माणसाची जाहिरात पुन्हा दिसली. नंबर वेगळा, मजकूर तोच, कंपनी बंद, अर्जंट विक्री, किंमत १,७८,०००. हिरवा लेथ आहे. फोटो मोठा करून पाहिला. कॅरेज चकला चिकटूनच उभं आहे.