नोकरी सांभाळून एम.एड. करावं की एम.ए. शिक्षणशास्त्र?

उमरेड, काटोल, कामठीकडच्या शाळेत शिकवणाऱ्यांपुढे नागपुरात मुख्यतः दोन वाटा असतात : राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून एम.एड., नाहीतर इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचं, दूरशिक्षणातलं एम.ए. शिक्षणशास्त्र.

एम.एड.ला बी.एड.मध्ये ५० टक्के आणि राज्याची प्रवेश परीक्षा, सीईटी लागते. खरी अडचण हजेरीची. एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४च्या नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि तासांना ८० टक्के हजेरी, म्हणजे १६० दिवस. तेही आठवड्याला ३६ तास, नेमके आपल्या शाळेच्या वेळेत. आंतरवासिताही (प्रत्यक्ष कामाचा सराव, इंटर्नशिप) शिक्षक-प्रशिक्षण संस्थेतच करायची असते. स्वतःच्या वर्गावरचं शिकवणं त्यात धरत नाहीत. त्यामुळे अध्ययन रजा मंजूर असेल तरच इकडे वळा. ‘हजेरीचं पाहून घेऊ’ असं कुणी म्हटलं, तर तिथून उठा. एकाच दिवशी शाळेच्या आणि कॉलेजच्या मस्टरवर सही सापडली, तर पडताळणीत पदवीही अडकते आणि नोकरीही.

इग्नूचं एम.ए. कोणत्याही पदवीधराला करता येतं. कमीत कमी दोन, जास्तीत जास्त चार वर्षं. गुणांत स्वाध्यायांचा वाटा ३० टक्के, परीक्षेचा ७०. स्वाध्याय हाताने लिहायचे आणि जूनच्या परीक्षेसाठी ते मार्च-एप्रिलमध्ये द्यायचे. तेव्हाच शाळेत वार्षिक परीक्षा आणि निकालपत्रकं असतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच निम्मे उरकून टाका. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणून जूनचे बरेच पेपर सुट्टीत बसतात; डिसेंबरच्या पेपरांना मात्र रजा टाकावी लागते. माध्यम इंग्रजी किंवा हिंदी, मराठी नाही. शब्दावलीची सवय व्हायला पहिले काही महिने जातात.

बी.एड. कॉलेजात अध्यापन पद्धतीचा विषय शिकवायचा असेल, तर विषयातल्या पदव्युत्तर पदवीसोबत एम.एड.च हवं. शिक्षणाच्या पायाभूत विषयांसाठी एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड., दोन्हींत ५५ टक्के, हाही मार्ग नियमात आहे. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना एम.ए.ही चालतं, पण खुल्या प्रवर्गाला ५५ टक्के लागतात. नुसतं पास होण्यापुरता अभ्यास केला, तर पदवी हातात येऊनही नेटचा फॉर्म भरता येत नाही.

वाट कुठलीही असो, प्रवेशाआधी मुख्याध्यापकांमार्फत लेखी परवानगी घ्या, आणि निकालानंतर सेवापुस्तकात नोंद करून घ्या.