पणजीतील मराठी वारसाफेरी: पुतळ्यामागचा माणूस कितपत भेटतो?

पणजीत वारसाफेऱ्यांना तोटा नाही. परंतु त्यांतील बहुतेक इंग्रजीतून चालतात आणि मळा भागातील रंगीत घरे, जुन्या खिडक्या आणि बेकऱ्या यांच्यापलीकडे क्वचितच जातात. इतिहासाच्या काही तरुण अभ्यासकांनी रविवारी सकाळी सुरू केलेली पायी फेरी संपूर्ण मराठीतून होते आणि घरांपेक्षा माणसांकडे अधिक लक्ष देते, म्हणून तिची सविस्तर दखल घ्यावीशी वाटली. मांडवीच्या काठावरील जुन्या सचिवालयापाशी, म्हणजे आदिलशाही राजवाड्याजवळ, फेरीला सुरुवात होते. तेथून आझाद मैदान, मिनेझिस ब्रागांझा संस्था आणि शेवटी गार्सिया द ओर्ता उद्यान असा अडीच तासांचा मार्ग आहे. माणशी ५०० रुपये शुल्क आहे आणि त्यात मार्गाचा नकाशा असलेली एक घडीपत्रिका मिळते.

थोर माणसाची ओळख करून द्यायची म्हणजे त्याचा जन्म, मृत्यू, पदव्या आणि मानसन्मान सांगून मोकळे व्हायचे, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. त्याच्यापुढे कोणता पेच उभा राहिला, त्याने कोणती वाट धरली, तिची किंमत काय मोजली आणि त्याच्या पश्चात त्या कामाचे पुढे काय झाले, हे कळल्याखेरीज त्याचा प्रभाव कशाला म्हणायचे ते उमगत नाही. या कसोटीवर ही फेरी दोन ठिकाणी पूर्णपणे उतरते आणि दोन ठिकाणी बरीच कमी पडते.

पहिले ठिकाण आबे फारियाच्या पुतळ्याचे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ साली उभारला गेला. पायघोळ झग्यातील पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्या हातांखाली एक स्त्री शुद्ध हरपल्यासारखी कलंडली आहे. येणारेजाणारे त्याच्यापुढे छायाचित्रे काढतात आणि हा कोणीतरी जादूगार असावा अशा समजुतीने पुढे जातात. आमच्या मार्गदर्शिका बाईंनी सर्वांना आधी पुतळ्याचे हात नीट पाहायला लावले, बोटे कशी ताणलेली आहेत ते दाखवले, आणि मगच त्या कथेकडे वळल्या.

जुझे कुस्तोदियो फारिया याचा जन्म १७५६ साली बार्देश तालुक्यातील कांदोळी येथे झाला. आईवडील विभक्त झाले. वडील पाद्री झाले आणि आई रोझा मारिया जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात जोगीण झाली. १७७१ मध्ये वडिलांचे बोट धरून हा मुलगा लिस्बनला गेला, पुढे रोममध्ये शिकला आणि १७८० साली त्याला पाद्रीपदाची दीक्षा मिळाली. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभा राहिला असता त्याची वाचा बसली, तेव्हा वडिलांनी खालून कोकणीत ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी’ असे पुटपुटून त्याला धीर दिला, ही गोष्ट गोव्यात घरोघरी सांगितली जाते. बाईंनी ती आख्यायिका म्हणूनच सांगितली, हे मला विशेष आवडले. त्यांनी अधिक वेळ दिला तो १७८७ च्या पिंटोंच्या उठावाला. एतद्देशीय पाद्र्यांना वरची धर्मपदे नाकारली जात होती. त्या असंतोषातून कांदोळीच्या पिंटो घराण्याभोवती कट शिजला, तो फुटला आणि १५ जणांना मृत्युदंड झाला. फारिया पितापुत्रांवरही संशयाची छाया आली आणि १७८८ मध्ये फारियाने फ्रान्सची वाट धरली. तेथे तो राज्यक्रांतीच्या धामधुमीतही उतरला. या टप्प्यावर गटातील एका वृद्ध गृहस्थांनी विचारले, “बाय, मग तो परत गोव्याला कधी आलाच नाही?” “नाही आजोबा, पंधराव्या वर्षी गेला तो गेलाच,” एवढेच उत्तर त्यांनी दिले आणि क्षणभर थांबल्या.

यानंतरचे विवेचन या फेरीतील सर्वांत मोलाचा भाग आहे. त्या काळी युरोपात मेस्मर या वैद्याच्या अनुयायांचे असे म्हणणे होते की, प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून एक चुंबकीय द्रव वाहतो आणि त्याच्या योगाने समोरच्या माणसाला विलक्षण झोप लागते. फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये जाहीर प्रयोग केले आणि हा द्रव मुळी अस्तित्वातच नाही असे ठामपणे मांडले. माणसाला खुर्चीत बसवायचे, मन एकाग्र करायला सांगायचे आणि ‘झोपा’ अशी आज्ञा द्यायची. झोप येते ती त्या माणसाच्या स्वतःच्या मनोवृत्तीमुळे, प्रयोग करणाऱ्याच्या सामर्थ्यामुळे नव्हे, हा त्याचा सिद्धांत. प्रसंगी तोही हाताचा उपयोग करी. पण हातात शक्ती असते हे त्याने साफ नाकारले. पुतळ्यातील ताणलेल्या बोटांकडे पुन्हा पाहिले की ध्यानात येते की, कामतांच्या प्रभावी शिल्पाने नेमकी तीच कल्पना मनावर ठसवली आहे जिच्याविरुद्ध फारिया आयुष्यभर झगडला. पुतळ्याची थोरवी कमी न करता ही विसंगती बाईंनी उलगडून दाखवली.

फारियाची पुढे फजितीच झाली. एका नटाने झोपेचे सोंग घेऊन भर सभेत त्याला खोटे पाडले, पॅरिसच्या रंगभूमीवर त्याची टर उडवणारे नाटक आले आणि १८१९ साली, ज्या वर्षी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, तो विपन्नावस्थेत वारला. मात्र त्याचा विचार टिकून राहिला. त्याचे प्रयोग पाहिलेल्या नोआझे या लष्करी अधिकाऱ्याने तो पुढे नेला, आणि त्याच शतकात नान्सी येथील लिएबो व बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचनेच्या सामर्थ्यावर संमोहनाची उपचारपद्धती उभी केली. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज मेंदूतज्ज्ञ एगाश मोनिश यांनी १९२५ मध्ये फारियावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. प्रभाव हा शब्द आपण सैलपणे वापरतो. येथे तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे कसा गेला याची साखळीच हाती लागते.

दुसरे उत्तम ठिकाण फेरीच्या शेवटी, गार्सिया द ओर्ता उद्यानात येते. पणजीकर येथे संध्याकाळी बसतात, मुले खेळतात. पण उद्यानाला ज्याचे नाव आहे त्याची माहिती थोड्यांनाच असते. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला आणि येथील औषधी द्रव्यांवर त्याने १५६३ साली गोव्यातच छापलेला ग्रंथ दोन वैद्यांच्या संवादाच्या रूपात लिहिला. हिंग, आंबा, नारळ अशा आपल्या रोजच्या जिनसांची त्याने ग्रीक आणि अरब पंडितांच्या मतांशी ताडून चिकित्सा केली आणि जेथे स्वतःचा अनुभव वेगळा होता तेथे तसे निर्भयपणे लिहिले. अवघ्या चार वर्षांत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला प्रसिद्ध केला आणि युरोपातील वनस्पतिशास्त्रात ही माहिती रुजली. ओर्ता ज्यू वंशाचा होता. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जिवंत जाळले आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून जाळली. बाकावर बसून हे ऐकताना गटातील कोणी मध्ये बोलले नाही.

या दोन थांब्यांच्या मानाने आझाद मैदानावरचा थांबा फारच घाईत उरकला. त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांच्या अस्थी तेथील स्मारकात आहेत, हे सांगून गट पुढे निघाला. चांदर येथे १८९१ मध्ये जन्मलेल्या, पॅरिसमध्ये शिकलेल्या आणि १९२८ साली गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणाऱ्या या माणसाला १९४६ मध्ये लष्करी न्यायालयाने आठ वर्षांची शिक्षा ठोठावून पोर्तुगालमधील पेनिश किल्ल्यात धाडले. सुटका करून घेऊन ते मुंबईत आले, तेथून लढा चालू ठेवला आणि गोव्याच्या मुक्तीला तीन वर्षे उरली असताना, १९५८ मध्ये, वारले. ज्या मैदानावर एकेकाळी गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज अल्बुकर्कचा पुतळा होता त्याच मैदानावर त्यांच्या अस्थी विसावल्या आहेत, ही गोष्ट जागेवर उभे राहून सांगण्यासारखी होती. तो पुतळा आता जुन्या गोव्याच्या संग्रहालयात आहे, हेही सांगितले गेले नाही.

शेजारच्या संस्थेतही तोच प्रकार झाला. प्रवेशदालनातील निळ्या फरशांच्या चित्रांपुढे छायाचित्रांसाठी भरपूर वेळ दिला गेला. पण १९०० मध्ये गोव्यातील पहिले दैनिक काढणाऱ्यांपैकी एक असलेले आणि १९३० मध्ये, पुढे पोर्तुगालचा हुकूमशहा झालेल्या सालाझारच्या वसाहत कायद्याविरुद्ध विधिमंडळात स्वयंनिर्णयाचा ठराव मांडणारे लुईश द मिनेझिस ब्रागांझा दोन वाक्यांत आटोपले. फरशा देखण्या आहेत, हे खरेच. परंतु माणसांना केंद्रस्थानी ठेवण्याची प्रतिज्ञा केलेल्या फेरीने तेथे वेळेची वाटणी उलटी करायला हवी होती.

आणखी एक उणीव मला अधिक खटकली. मराठीतून चालणाऱ्या फेरीत धर्मानंद कोसंबी यांचा उल्लेखही नसावा? पणजीत त्यांचा पुतळा या वाटेवर नाही, हे कारण मला पुरेसे वाटत नाही. साखवाळचा हा तरुण १८९९ मध्ये पत्नी आणि तान्ह्या मुलीला मागे ठेवून बुद्धाच्या शोधात घराबाहेर पडतो, काशी, नेपाळ करीत सिलोनला पोचून १९०२ मध्ये दीक्षा घेतो, पुढे अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात पाली ग्रंथाचे संपादन करतो आणि हे सारे अनुभव मराठीत लिहून ठेवतो. त्यांच्या निर्णयात घरच्यांनी काय सोसले, हा प्रश्नही त्यात येतोच. उद्यानातील एखाद्या बाकावर बसून दहा मिनिटे एवढे सांगता आले असते.

घडीपत्रिकेचा नकाशा सुबक आहे. मात्र अक्षरे फार बारीक असून कुन्हा यांच्या नावापुढे एकही साल दिलेले नाही. सावली फक्त उद्यानात मिळते, त्यामुळे टोपी आणि पाणी सोबत ठेवावे. पावसाळ्यात मांडवीकाठचा पहिला थांबा जुन्या इमारतीच्या आडोशाला घेतात. आठवीच्या पुढची मुले फारियाच्या भागात रंगून जातात, लहान मुले मात्र कंटाळतात. फारिया आणि ओर्ता यांच्यासाठी ५०० रुपये मला अजिबात जास्त वाटले नाहीत. आणि आयोजकांनी चांदर-साखवाळ असा दुसरा मार्ग आखला, तर त्याचे शुल्क मी आनंदाने आगाऊ भरीन.